निव्वळ

काट्याच्या पावत्यांची पाठ कोरी असते.
तिच्यावर मी माझी चार वर्षं मांडली.

गणिताचे एकशेवीस श्रेयांक,
व्यवसाय व्यवस्थापनाचे एकशेवीस,
आणि दिग्रसच्या कॉलेजात या कामाला एकच बाबू,
ठमके, चष्मा कपाळावर ठेवून कागद वाचणारे.
"दोन दोन डिग्र्या? काऊन वं? एकीनं पोट भरत नाही का तुयं?"
डोक्यावरच्या पंख्याला दोनच वेग: बंद आणि वादळ.

म्हटलं, बेरीज दोनशे चाळीस नाही सर.
मराठी, इंग्रजी, पर्यावरण, संगणक दोन्हीकडे तेच,
ते अठ्ठावीस दोनदा मोजू नका.
नववीतच शिकवलं होतं, छेदसंच वजा करायचा.
"परिपत्रकात छेदसंच नाही."
होता. पान अकरा, तिसरा परिच्छेद.
तिथं त्याचं नाव समकक्षता होतं.

उरले दोनशे बारा.
सत्रं आठ, आणि सत्रात सव्वीसच्या वर माल भरता येत नाही,
ट्रकची असते तशी पासिंग.
सव्वीस आठे दोनशे आठ.
चार बाहेर राहिले,
फाळक्याच्या फटीतून सांडलेल्या तुरीसारखे.

शिवाय मंगळवार.
अकरा वाजता सात नंबरच्या खोलीत वास्तव विश्लेषण,
अकरालाच वरच्या मजल्यावर परिव्यय लेखांकन.
मोनाली गेडाम म्हणाली, वरची वही मी देतो,
तू मले फक्त सीमा समजावजो.
केबिनमधून बाबा: "हे सीमा कोन?"
"जिच्याजवळ जात राहायचं, पोचायचंच असं नाही."
"मंग उदार नको देऊ तिले."

रात्री शेवटची गाडी गेल्यावर बाबांनी पावती हातात घेतली,
दिव्याखाली धरली.
"भरलेली गाडी मोजली तू. रिकामी कुठं मोजली?
सकाळची सात-वीसची यष्टी, तास जायले, तास यायले,
झोप, भाकरी, मायच्या शिवणाची काजं-बटणं.
ते आधी वजा कर, मंग सांग किती माल बसते."

केलं वजा.
निव्वळ उरले आठवड्याचे एकतीस तास.
सव्वीस तर वर्गातच जातात.
घरी पाच.
पाच तासांत एक प्रमेय बसतं,
किंवा एक ताळेबंद.
त्या रात्री मी पेनाचं टोपण बराच वेळ उघडझाप करत होते.

ते सांडलेले चार मात्र सापडले.
कार्यानुभव, आस्थापनेचं पत्र जोडावे.
बाबांनी ते स्वतः लिहिलं, कच्चं न करता, एकटाकी:

*सदर मुलगी सहावीपासून काट्यावर बसते.
तिने आजवर एकही गाडी चुकवली नाही.
एकदा चुकवली होती, ती तिनेच सांगितली.*

ठमके बाबूंनी चष्मा पहिल्यांदा नाकावर आणला.
"शेवटची ओळ काढून आणा. चुकीचं कायले लिहायचं पत्रात?"
मी आणते म्हणाले.
पत्र घेऊन गावी आले.

आज गुरुवार. शेवटची तारीख शनिवार.
पत्र गल्ल्यात आहे, तिन्ही ओळींसकट.
बाहेर कापसाची गाडी हॉर्न देते आहे.
मी पावती सुलटी करते,
आधी गाडीचा नंबर लिहिते.