रविवार सोडून दहा दिवस

पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवरून
हार्लन टिबेट्स विधेयक घेऊन जातो,
मांडीवर, झोपलेल्या पोरासारखं.
एकतीस वर्षं हाच रस्ता.

पूर्वी तिकडून फक्त हो किंवा नाही यायचं.
आता मसुदाच तिकडून येतो,
इथे त्याला पाय फुटतात, शेपूट लागतं,
आणि परत जातो तेव्हा
सहीखाली बारीक अक्षरांत:
कलम चार मी माझ्या पद्धतीने वाचेन.

“पोचपावती,” हार्लन म्हणतो.
कारकून घड्याळ बघून वेळ टाकतो.

एकदा अधिवेशन संपलं होतं.
खाणकामगारांच्या फुप्फुसांचं विधेयक
दहा दिवस अध्यक्षांच्या खिशात राहिलं.
नकार कुणी उच्चारलाही नाही.

हार्लनचा बाप झोपेतही खोकायचा.
त्या रात्री हार्लनने
स्वतःचे सगळे खिसे उलटे करून
कोट खुंटीला टांगला.