तीन पांढरे

तुरीन, नोव्हेंबर. बाहेर धुकं,
आत इतका उजेड की सावलीलाही
जागा भाड्याने घ्यावी लागेल.

चौथ्या दालनापर्यंत डोळे भरले,
सातव्यात पाय बोलू लागले.
कुणी किंमत सांगत होतं
आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तशी, हळू.
एक बाई हो म्हणाली, आणि लगेच
पार्किंगचं तिकीट शोधू लागली.

मग तो दिसला, गुडघ्यांवर बसलेला,
बोटभर ब्रशने
भिंतीवरचा बुटाचा ओरखडा झाकत.
ओला रंग दिवसभरात मी तेवढाच पाहिला.

नाव फातमिर. गाव समुद्रापलीकडे, अल्बानियात.
पेटीत तीन डबे, तिन्ही पांढरे.
"हा मिलानवाल्यांचा. हा बर्लिनचा.
आणि ह्यांना बर्फासारखा हवा होता,
पण निळा नको."
मला तिन्ही सारखेच.
तो हसला, बाही धरून मला भिंतीशी नेलं :
"आता बघा."

बघितलं.
एक सायीकडे झुकलेला,
एक उन्हात विसरलेल्या चादरीचा.
तिसऱ्याला शब्द सापडेना,
तिथेच उभा राहिलो.

त्या भिंतीवर टांगलं काय होतं
ते पाहायचं राहिलंच.

सोमवारी भिंती उतरतील, फातमिर म्हणाला,
आणि डब्याचं झाकण
टाचेने दाबून बसवलं.