दुकान वाढवताना

लॅमिंग्टन रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
लिफ्ट नसलेल्या इमारतीत आमचं दुकान:
बिघडलेल्या डिस्कमधून गेलेलं परत आणायचं.
नेहमी येतंच असं नाही. पावतीवर तसं छापलंय,
पण पावती कोण वाचतं?

विद्याधर कोचरेकरांनी वाचली.
साठी उलटलेले, परळच्या हौशी नाटकमंडळीचे ध्वनिवाले,
स्टुलावर बसून पुढून वाचली, मागून वाचली,
मग चष्मा पुसत म्हणाले,
"मदतसुद्धा वाचली होती हो मी. पूर्ण."

खरंच, वहीत उतरवून आणली होती,
शाळेतल्या वळणदार अक्षरात:
    फाइलसिस्टीम बनवतं.
    एन – पुढे शब्द.
    एफ – सक्ती.
संपली मदत.

भाच्याकडच्या दुसऱ्या एका अवजारात
एन म्हणजे नुसती तालीम.
काय करीन ते सांगतं, करत काही नाही.
म्हणून त्यांनी एन दिला. पुढे शब्द हवा,
तर लिहिलं: टेस्ट.
ते एकदा अडलं, कुरकुरलं.
तालीमच तर आहे, म्हणून सक्तीही दिली.

या अवजारात एन म्हणजे नाव.
तालीम मागितली, प्रयोग झाला,
चार सेकंदांत, घंटेशिवाय.
आता डिस्कचं नाव टेस्ट
आणि आत नऊ वर्षांच्या तालमी नाहीत.

रात्री घरी मी ते अवजार उघडलं.
कुणीही दुरुस्ती पाठवावी असं ते आहे.
बनवतं म्हणे. आणि आधी जे होतं त्याचं?
त्याच्यासाठी क्रियापदच ठेवलेलं नाही.
चिडले. मग लक्षात आलं
आपण कुठल्या भाषेत चिडतोय ते.

आमच्यात नारळ फोडत नाहीत, वाढवतात.
बांगडी पिचली की वाढली.
निघालेला माणूस दारात म्हणतो, येतो.
आणि रोज साडेआठला राऊळ काउंटरवरून ओरडतात,
"चला, दुकान वाढवा,"
की मी शटर खाली ओढते.

घरात चालतं हे. घरात सगळ्यांना ठाऊक असतं
वाढली म्हणजे काचा वेचायच्या,
पोरांना लांब धरायचं.
पण रात्री दीडला एकटा माणूस, काळा पडदा,
लुकलुकणारी रेघ,
त्याला कोण सांगणार कुठला शब्द उलटा वाचायचा?

पहिल्यांदा लिहिलं, "अत्यंत विध्वंसक."
तिसऱ्या अंकातलं वाटलं. खोडलं.
मग "सावधान". ते तर विजेच्या प्रत्येक डब्यावर असतं,
डब्याला टेकून लोक चहा पितात.
मग एक लांबलचक परिच्छेद, कृपयासकट.
उत्तर आलं: ओळ ऐंशी अक्षरांत बसत नाही.

कापत कापत उरलं ते हे:
    आधीचं सगळं पुसतं. मग नवी मांडणी करतं!
    एन शब्द – डिस्कला हे नाव देतं. तालीम नव्हे.
    एफ – आत काही सापडलं तरी थांबत नाही.
तीन ओळी. चार रात्री गेल्या.

डिस्कमधून एक्केचाळीस तुकडे निघाले.
नावं गेलेली, तारखा गेलेल्या,
कुठे खुर्ची सरकवल्याचा आवाज, कुठे अर्धं स्वगत.
कोचरेकर हेडफोन लावून बसले
आणि सतराव्यावर त्यांनी हात वर केला.

मीही ऐकलं. नट अडकलाय.
पंख्याची घरघर. कुणीतरी खाकरतं.
मग विंगेतून बाईचा आवाज, हलका,
अख्खं वाक्य, जसंच्या तसं,
अभिनयाचा लवलेश नाही,
आणि नट पुढे चालू.

"कुसुम बांदिवडेकर," ते म्हणाले, "आमची प्रॉम्प्टर.
तिला मुद्दाम कुणी रेकॉर्ड केलंच नव्हतं."

पैसे त्यांनी मोजून दिले, पावती पुन्हा वाचली,
जिन्यात थांबून "येतो" म्हणाले.

त्या रात्री मी माझ्या पहिल्या ओळीतलं
उद्गारचिन्ह काढून टाकलं.