मंगळवार, नखांचा

मंगळवारी आम्ही नखं काढतो.
बायकांचा वॉर्ड, चौतीस खाटा
आणि रजिस्टरला सुतळीनं बांधलेलं नेलकटर,
जे आधी मोजायचं, मग वापरायचं, मग पुन्हा मोजायचं,
एकच असलं तरी.

बाहेर नवतपा. मानकापूरचा रस्ता
भट्टीतून आत्ताच काढल्यासारखा.
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास
फिनाईलला जरा माणसात आणतो.
बायका ओळीनं बसतात, पंजे मांडीवर पालथे.
कुणाच्या नखात माती, कुणाच्या हळद.
हळद कुठून आली, ते मी विचारत नाही.

पार्बता नेवारेचा अंगठा मात्र मुठीत.
तुमसरकडची. वीस वर्षं विड्या वळल्या तिनं.
विडीचं तोंड मिटतं अंगठ्याच्या नखानं,
नख गेलं की दिवसाची हजारी गेली.
हे तिच्या बहिणीनं सांगितलं मला, पण नंतर.
म्हणजे गेल्या महिन्यात
दोघींनी तिचे खांदे धरले, मी कापलं
आणि "झालं गं, झालं, नियम आहे" म्हणत राहिले, त्याच्या नंतर.
ती ओरडली नाही.
फरशीवरून तो तुकडा शोधून काढला तिनं
आणि गाऊनच्या खिशात ठेवला.

आज तिनं हात दिला नाही. माझा घेतला.
उलटा केला, सुलटा केला.
बावीस वर्षांची नोकरी,
आणि दहाही बोटं कुरतडलेली,
करंगळीला रक्त सुकलेलं.
"हे कोनं केलं वो बाई?"

हा आमचा प्रश्न आहे.
भरतीच्या कागदावर, अंगावरच्या खुणांच्या रकान्यात.
मीच विचारते सगळ्यांना,
आवाज मऊ करून, पेन उघडून.
मला कुणी विचारला नव्हता.
"मीच," म्हणाले.
"काहून?"

काहून.
ज्योत्स्नाची एक चुकलेली गोळी, जी वेळेत लक्षातही आली होती.
आईला फोनवर म्हणाले ते "ठेव आता".
आणि, पार्बता, तुझा अंगठा.
कागदावर लिहिण्याजोगं काहीच नाही.

तिनं खूप वेळ विचार केला.
कूलरचं पाणी संपल्याचा आवाज येऊ लागला.
"मंग आना त्या बाईले इथं," म्हणाली,
"भरती करा. इथं मारत नाही कोनी.
धरतात फक्त."

सात नंबरची कुणीतरी फस्सकन हसली.
मीही हसले, मग नाक पुसत बसले.

रजिस्टरमध्ये लिहिलं: नेवारे, नखं नऊ.
शेरा: दहावं कामाचं आहे, कानशीनं गोल केलं.
मेट्रन विचारतील. विचारू देत.

सुटीनंतर सिग्नलला एकशे दहा सेकंद.
स्कूटीवर, स्कार्फच्या आत,
बोट तोंडाशी गेलंच.
त्या बाईला मी अजून भरती केलेलं नाही.
पण हात धरला तिचा,
मनगटापाशी नाही,
तळव्याखालून, सैल,
नखं काढायला शिकवताना
नव्या पोरींना मी दाखवते, तसा.

हिरवा केव्हाच झाला होता.
मागचा ऑटोवाला हॉर्न मारत होता.
मारो बापा.