रकाना

साध्या कपड्यात आला होता जमादार.
चहा नोको म्हणाला, थेट गल्ल्यापाशी:
चेतन शालिक नेहारे, ओळखता का?
डेपोत लागून रायला, चौकशी हाय.
पोट्टा पेते का, कोणासंग उठते-बसते,
आन् कोणाचं देणं-घेणं?

नाही, म्हटलं मी.
वही माह्या कोपराखाली होती.
मी कोपर हालवला नाही.

चार हजार आठशे पासष्ट.
नागपूरच्या क्लासच्या साली तेल, साखर,
फॉर्मच्या झेरॉक्स,
एकदा पायमोजे, धावायच्या परीक्षेले.
एवढ्यासाठी पोराची भाकर काऊन मोडू?

बारुदाजवळच्या माणसाले म्हणते उधारी नसावी,
उधारीवाल्याले कोणीही विकत घेते.
मी तं तीन वर्सं देली उधार.
घेतला नाही बा कधी विकत.

दिवेलागणीले चेतनच आला.
काकू, वही दे. आकडा बरोबर पाहिजे.
फॉर्मात रकाना हाय देण्याचा,
असलं तं चालते म्हणे, लपवलं तं जाते.
आन् उतरवलं त्यानं उभ्या उभ्या
माह्या नावासकट, दुकानाच्या पत्त्यासकट,
वरचे पाच रुपयेही सोडले नाही.

माही साखर तराजूतच रायली.

आता दोन कागद जातीन वर्ध्याले.
एकावर त्याचं ‘हाय’,
एकावर माहं ‘नाही’.

तवापासून फटफटी वाजली का
मी वही कोपराखालून काढतो,
उघडून ठेवतो गल्ल्यावर, त्याच पानावर.
दूधवाला असते.