इतिवृत्त

ओटावा, रात्रीचे पावणेबारा.
सभागृहात अजून टनाचा भाव चाललाय.
पन्नास म्हणा, ऐंशी म्हणा,
आणि माल कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही.

मी टंकते.
विरोधी बाकावरचे म्हणतात, हा थंडीवरचा कर आहे.
मंत्रीणबाई म्हणतात, छे, धुरावरचा.
दोघंही खरं बोलतायत, हे नोंदवायला
माझ्या यंत्रात कळ नाही.
बाकं बडवली गेली की एकच शब्द टाकते: गदारोळ.

मधल्या सुटीत आईचा फोन, केप ब्रेटनहून.
तेलाची टाकी पाव उरलीय
खालचा रस्ता समुद्राने पुन्हा नेला
एका दमात सांगते, मध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही.
"तुमचं काय ठरतंय तिकडे?"
"ठरतंय," मी म्हणते.

बाबा खाणीत उतरताना
खुंटीवरचा पितळी बिल्ला काढून घ्यायचे,
वर आले की परत अडकवायचे.
लॉकी मॅकफी, एकशे अठ्ठावीस.
माणसं मोजली जायची, कोळसा तोलला जायचा.
धूर मोजायचं कुणाला सुचलं नाही,
आम्हालाही नाही;
आम्ही शेगडीपाशी मोजे वाळवत होतो.

बिल्ला आता माझ्या टेबलावर असतो,
कागद उडू नयेत म्हणून.

मतदानाआधी मागच्या रांगेतला एक म्हातारा सदस्य
उभा राहिला. छताकडे बघितलं. चष्मा पुसला.
बसला.
न बोललेलं लिहायचं नाही, असा नियम आहे.
मी नुसती वेळ लिहिली:
बारा वाजून सात.