रिकामेपणाचं कारण

माझ्या यादीत आज दोनशे बारा घरं आहेत.
हंबर नदीच्या मुखाशी, मासळीबाजार उठून गेलेल्या या गावात
घर ओस पडलं की आधी कबुतरांना कळतं,
मग पन्हळीत रुजलेल्या जांभळ्या तुऱ्यांच्या झुडपाला,
मग तांब्याचे पाइप उपसणाऱ्या पोरांना,
आणि साधारण दोन हिवाळ्यांनी
कौन्सिलला, म्हणजे मला.

रोपरी लेन, एकेचाळीस नंबर.
तक्रार त्रेचाळीसची. बेरिल स्टेंटन, वय एकोणऐंशी.
तिनं माझा हातमोजा काढायला लावला
आणि तळवा भिंतीवर टेकवला.
"ही ओल माझी नाही. त्यांची आहे."
वॉलपेपरवरची गुलाबं तिनं तीनदा चिकटवली होती,
तिन्ही वेळा पलीकडच्या थंडीनं
ती सावकाश सोडवून घेतली.

मी रीतसर सगळं केलं.
दारावर नोटीस, टपालाच्या फटीतून टॉर्च:
आत पत्रांचा ढीग,
वरची चाळीसेक आमचीच,
'कृपया त्वरित संपर्क साधावा'.

रिकाम्या घराला वर्षानं दुप्पट कर,
पाच वर्षांनी तिप्पट, दहा झाली की चौपट.
लोक शिव्या देतात, वकील आणतात,
एक गादी नि किटली ठेवून 'राहतो की आम्ही' म्हणतात.
या घराचा चौपट कर
दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
खिडकीवर रोख भरला जात होता.
थकबाकी शून्य. अकरा वर्षं.

म्हणजे माणूस गावातच होता.

मंगळवारी मी खिडकीपाशी थांबले.
क्लिफर्ड स्केफ. बर्फाच्या कारखान्यात जन्म गेला,
आता तीन गल्ल्या पलीकडे लेकीच्या सोफ्यावर.
पावती नीट चौघडी करून खिशात ठेवली त्यानं.
"चौपट भरतोय," तो म्हणाला,
"म्हणजे चौघं राहतात असं समजा."

किल्ली दिली मात्र लगेच. म्हणाला, शिडी आणा.

एडनाचे गुडघे गेले होते.
तिच्यासाठी त्यानं जुना जिना उखडला,
बुटक्या पायऱ्यांचा नवा करायला,
फळ्या कापूनही ठेवल्या होत्या.
ती चार दिवसांसाठी म्हणून इस्पितळात गेली.
फळ्या अजून तिथंच, भिंतीला टेकून,
पेन्सिलीचे आकडे वर.

त्यानं खाली शिडी धरली. मी चढले.

वर आढं खचलेलं. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात,
इथं वासे खरोखरच फिरले होते,
पलंगावर आडवे, त्यांवर आभाळाचा एक चौकोन
आणि अकरा वर्षांची कबुतरं.
उशाशी चष्मा. त्याला काही झालेलं नव्हतं.

"कशीय खोली?" खालून आवाज आला.

माझ्या फॉर्मवर एक रकाना आहे: रिकामेपणाचं कारण.
वारसाहक्काचा वाद. दुरुस्ती. विक्री. इतर.

"उजेड भरपूर आहे," मी म्हणाले.

मग चष्मा खिशात घातला आणि उतरले.
फॉर्मवर लिहिलं: जिना नाही.
साहेबांनी त्याखाली लाल रेघ ओढली.

सक्तीची खरेदी करावी लागली नाही. त्यानं सही केली,
मोबदल्यावर बोलला नाही, बोलला पायऱ्यांवर.
आमचा सर्वेक्षक कुरकुरला:
बुटक्या पायऱ्यांना जागा जास्त जाते,
तेराच्या सोळा होतात, दार सरकवावं लागतं.
सरकवलं. का ते फाइलमध्ये कुठंच नाही.

आता तिथं एक बसड्रायव्हर बाई राहते, दोन जुळी पोरं.
बेरिलची भिंत उन्हाळ्यापर्यंत वाळली.
गेल्या आठवड्यात तिचा फोन आला:
पोरं दिवसभर जिन्यावरनं धावतात,
सोळाच्या सोळा पायऱ्या मला मोजता येतात,
कौन्सिल काही करणार आहे की नाही?

मी म्हटलं, नोंद करून घेते.
स्केफ अजूनही मंगळवारी येतो कधीकधी.
खिडकीवर उभा राहतो,
भरायचं काही नसतं.